दमट हवेत कोरडं तोंड : सीपॅपच्या पहिल्या चार महिन्यांचं एक प्रकरण

सीपॅप म्हणजे झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांना रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्यावर ठेवलेल्या माझ्या एका रुग्णाची ही गोष्ट. रुग्ण ५२ वर्षांचे, देवगड तालुक्यातले, स्वतःचा टेम्पो. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून संध्याकाळी निघायचं, रातोरात वाशी गाठायची, सकाळी माल उतरवून दुपारी परतीला लागायचं. पावसाळ्यात मिळेल ते भाडं. नाव सांगत नाही, इथे त्यांना तात्या म्हणू. ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक तपशीलही बदलले आहेत. हे लिहिणार असल्याचं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा म्हणाले, "मिशेचा काय ता लिवा, नाव तेवढा लिवू नकात." मिशीचं पुढे येईलच.

आले होते बीपीसाठी. दोन गोळ्या चालू असूनही १६०/१००. सकाळी उठल्यावर डोकं जड, रात्री चार वेळा लघवीला उठणं. साखर तपासली, ठीक होती. खरं निदान माझ्या आधी बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी केलं होतं. तात्या नंबर येईपर्यंत बसल्याबसल्या झोपले आणि असे घोरायला लागले की एक लहान मूल घाबरून रडलं. आत आल्यावर काकींनी सांगितलं, "डॉक्टरांनू, रातचो ह्यांचो श्वास बंद पडता. मगे मी हालवून उठयतंय." किती वर्षं? दहा तरी असतील. दहा वर्षं ही बाई नवऱ्याचा श्वास मोजत झोपते आहे आणि हे कोणत्याच डॉक्टरला सांगावंसं वाटलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. त्यात मीही आलो.

वजन ९४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, गळ्याचा घेर ४३ सेंटिमीटर. चाळीसच्या पुढे गळा गेला की आम्ही कान टवकारतो. दिवसा किती पेंग येते ते मोजायची एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची पट्टी आहे, २४ पैकी १० च्या वर गुण म्हणजे जास्त. तात्यांचे १७. "गाडी चालवताना?" या प्रश्नावर ते गप्प बसले आणि काकी बोलल्या. पंधरवड्यापूर्वी माणगावच्या अलीकडे पहाटे डोळा लागला होता. बाजूला बसलेल्या पोराने स्टिअरिंग ओढलं म्हणून गाडी रस्त्यावर राहिली.

कोल्हापूरच्या छातीरोगतज्ज्ञांनी घरी करायची झोपतपासणी दिली. छातीला पट्टा, नाकात नळी, बोटाला चिमटा. अहवालात तासाला ४६ वेळा श्वास थांबणं किंवा अर्धवट होणं, दर वेळी किमान दहा सेकंद. ऑक्सिजन खाली ७१ टक्क्यांपर्यंत. तासाला पाचपर्यंत चालतं, तीसच्या पुढे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार. म्हणजे जेमतेम सव्वा मिनिटाला एकदा गळा मिटतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, पुन्हा मिटतो. अशी रात्र काढलेला माणूस दिवसा झोपणारच.

उपाय सीपॅप. नाकावरच्या मास्कमधून हवेचा सततचा दाब द्यायचा, म्हणजे गळ्याची मऊ नळी मिटत नाही. औषध नाही, नुसती हवा. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या: मशीन अंगवळणी पडेपर्यंत रात्रीची गाडी बंद, आणि झोपण्यापूर्वीची क्वार्टरही बंद, कारण दारूने गळ्याचे स्नायू आणखी सैल पडतात. पहिलं भाच्याला गाडीवर बसवून जमवलं. दुसरं "बघतंय" म्हणाले.

मशीन आलं मेअखेरीस, कुरियरने. ४८,००० रुपये. आपण तोंडाने श्वास घेतो असं तात्यांनी फोनवर सांगितल्यामुळे दुकानदाराने नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क पाठवला. दाब कारखान्यातून आला तसाच, ४ ते २० (सेंटिमीटर पाण्याचा दाब), या मर्यादेत मशीन तो आपणहून कमीजास्त करतं. या दोन्ही गोष्टी तेव्हाच माझ्या नजरेत यायला हव्या होत्या.

पहिल्या रात्री चाळीस मिनिटं. दुसऱ्या रात्री वीस. "तोंडार सोंड लावन माका झोप येतली?" गुदमरल्यासारखं वाटणं पुष्कळांना होतं आणि त्यावरचा उपाय साधा आहे. संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क नुसता हातात धरून तोंडाशी न्यायचा, मग पट्टे लावून बसायचं, मग मशीन चालू करून बसायचं, झोपेचा विषयच काढायचा नाही. मशीनमध्ये रॅम्प नावाची सोय असते. दाब चारवर सुरू होतो आणि अर्ध्या तासात हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब थोडा उतरवायचीही सोय असते, ती बंद होती, चालू केली. आठवड्याभरात तात्या रोजची मालिका मास्क लावून बघू लागले. त्यांना मी एक जुनी गोष्टही सांगितली. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये या उपचाराचे पहिले पाच रुग्ण जगासमोर मांडले, तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागायचा आणि हवेला व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती. तात्यांनी विचारलं, मोटर कितीची होती. ड्रायव्हर माणूस.

इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि तक्रार आली: तोंड कोरडं पडतं. जीभ टाळूला चिकटते, रात्री दोनदा उठून तांब्याभर पाणी प्यावं लागतं, मग लघवीला उठावं लागतं.

मी फोनवरच ह्युमिडिफायर तीनवरून सहावर न्यायला सांगितलं. ह्युमिडिफायर म्हणजे मशीनला जोडलेली पाण्याची डबी, खालून तापते आणि हवेत वाफ मिसळते. कोरडं तोंड, म्हणून वाफ वाढवा. माझ्याजागी दहापैकी आठ जणांनी हेच केलं असतं, पण चूक ती चूकच.

चौथ्या दिवशी पहाटे फोन. "नाकात पानी इला, बुडतंय असा वाटला." नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येत होता आणि कूस बदलताच ते पाणी मास्कमध्ये उतरलं होतं. तोंड? ते होतं तसंच कोरडं. आणि डोळे लाल. तात्यांना वाटलं डोळे आले. चष्मेवाल्याकडून काळा गॉगल घेतला, घरात कोणाला लागू नये म्हणून टॉवेल वेगळा केला आणि मशीन बंद ठेवलं. "ह्या मशीनीन होती ती झोप पण गेली."

यावर मी बराच विचार केला. बाहेर पाऊस कोसळतोय, भिंतींना ओल आहे, पापड डब्यात मऊ पडतायत, कपडे चार दिवस वाळत नाहीत, आणि या माणसाचं तोंड कोरडं! हवेत दमटपणा कमी आहे म्हणावं तर ते कोकणात जूनमध्ये शक्य नाही. थोडं गणित खरं आहे: २६ अंशांची ओलीचिंब हवासुद्धा घनमीटरला बावीस-चोवीस ग्रॅम वाफ धरते, आणि फुप्फुसाला ३७ अंशांवर चव्वेचाळीस लागते. उरलेली भर नाक घालतं. तेवढ्यासाठीच नाक आहे. म्हणजे प्रश्न हवेचा नव्हताच. नाक कामावर नव्हतं.

आणि नाक मी तपासलंच नव्हतं. गळा पाहिला, जीभ पाहिली, घेर मोजला. टॉर्च खिशात होता.

त्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. हे सांगण्यासारखं आहे, कारण दवाखान्यात बसून मला यातलं काहीच कळलं नसतं.

माजघरात खाट, वर भिंतीत कोनाडा, कोनाड्यात मशीन. नवी महाग वस्तू, पोराबाळांचा हात पोचू नये म्हणून उंच ठेवलेली. नळी तिथून खाली खाटेवर. म्हणजे वाफेचं पाणी झालं की उताराने थेट तोंडाकडे. डोक्यावर पंखा पाचवर, खिडकीतून पावसाळी वारा, दोन्ही मिळून नळी गार करणारे. गरम वाफ गार नळीत शिरली की थेंब होणार, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतात तसेच. आणि मी वाफ दुप्पट केली होती.

कोनाड्याच्या काठावर, मशीनच्या मागच्या जाळीपासून वीतभर अंतरावर, डासांच्या कॉइलची पत्र्याची ताटली. राखेची गोल वळी अजून तशीच होती. मशीन मागून हवा ओढतं. म्हणजे रात्रभर तात्या कॉइलचा धूर दाबाने नाकात घेत होते. फिल्टर काढून पाहिला. तीन आठवड्यांपूर्वी पांढरा होता, आता चहाच्या गाळण्याच्या रंगाचा. फिल्टर कणांना अडवतो, पण धुराचा वास आणि झोंबणारा वायू आत जातोच.

उशीखाली नाक मोकळं करायच्या थेंबांची बाटली. मेडिकलवाल्याकडून घेतलेली, महिनाभर रोज रात्री. हे थेंब चारपाच दिवसांपलीकडे वापरले की नाक उलट जास्त सुजतं आणि थेंबांशिवाय उघडतच नाही. टॉर्च मारला. दोन्ही नाकपुड्यांत आतली सूज इतकी की पुढचं काही दिसेना.

आता साखळी जुळली. धूर, ओलीची बुरशी आणि थेंब यांनी नाक बंद. नाक बंद म्हणून तोंड उघडं. तोंडातून आत-बाहेर करणारी हवा नाकाच्या ओलाव्याशिवाय जाते, म्हणून जीभ कोरडी, डबीत कितीही वाफ करा. मशीनच्या पडद्यावर गळतीचा आकडा पाहिला: मिनिटाला ५२ लिटर. या मशीनमध्ये २४ च्या खाली असेल तर ठीक. हवा गळते म्हणून मशीन दाब चढवत होतं, वरची मर्यादा वीसची असल्याने सोळाच्या पुढे जात होतं, आणि दाब जास्त म्हणून आणखी गळत होतं.

गळती कुठून? दोन ठिकाणांहून. तात्यांना रात्री डोक्याला आणि तेच हात चेहऱ्याला फासून खोबरेल लावायची सवय, लहानपणापासूनची. तेलकट कातडीवर सिलिकॉन बसत नाही, सरकतं. आणि मिशी. जाड, दोन्ही टोकांना पिळलेली. त्या केसांमधून हवा सुळसुळत नाकाच्या बाजूने वर डोळ्यांत जात होती. डोळे आले नव्हते, रात्रभर वारा खाऊन कोरडे पडले होते. गळती थांबावी म्हणून घरच्यांनी पट्टे करकचून आवळले होते, त्याने नाकाच्या हाडावर लाल चट्टा उठला आणि गळती वाढली. मास्कची कड हवेने फुगून कातडीला टेकायची असते, आवळली की ती चिमटते. पट्टे आडवं पडून, मशीन चालू ठेवून लावायचे, आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत.

मिशी काढायचा विषय मी काढला. काकी हसल्या आणि आत गेल्या. तात्यांनी उत्तर दिलं नाही. तो विषय तिथेच संपला.

सगळं एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही, म्हणून क्रम ठरवला. पहिल्या दिवशी कॉइल बंद आणि मच्छरदाणी, थेंब बंद, नवा फिल्टर. मशीन कोनाड्यातून उतरवून खाटेशेजारी पाटावर, म्हणजे पाणी साचलंच तर डबीकडे परत जाईल. नळी चादरीखालून. ह्युमिडिफायर सहावरून दोनवर. चेहरा साबणाने धुऊन मगच मास्क, तेल सकाळी. नाकासाठी सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याचा फवारा आणि रात्री स्टेरॉइडचा नाकातला फवारा, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे न धरता कानाच्या बाजूला धरून. हा फवारा त्या रात्रीच नाक उघडत नाही, आठवडा-दोन आठवडे लागतात, हे आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर तिसऱ्या दिवशी बाटली कचऱ्यात जाते.

थेंब सोडल्यावरचे पाच दिवस वाईट गेले. तात्या बसून झोपले. सहाव्या दिवशी एक नाकपुडी उघडली.

दोन आठवड्यांनी मास्क बदलला. नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडं टेकतात असा छोटा मास्क येतो. ओठावर काही येत नाही, मिशीला स्पर्श नाही, डोळ्यांपर्यंत हवा जात नाही. तोंडाने श्वास घेणाऱ्याला मोठा मास्क द्यायचा हा सगळीकडचा रिवाज आहे, आणि मला तो आता फारसा पटत नाही. मोठ्या मास्कला बऱ्याचदा दाब जास्त लागतो आणि गळतीही जास्त. पुष्कळांचं तोंड नाक बंद असल्यामुळे उघडं राहतं. नाक आधी बघावं, मास्क नंतर.

पोटाची तक्रार राहिली होती. सकाळी ढेकर, पोट ढोलासारखं. दाबाची हवा अन्ननलिकेतही शिरते. तज्ज्ञांशी फोनवर बोलून दाबाची मर्यादा ७ ते १३ केली. डाव्या कुशीवर झोपणं, आणि साडेदहाचं भात-माशांचं जेवण आठला. हे शेवटचं काकींनी करून घेतलं, मी फक्त निरोप्या.

पाण्याचं एक. मशीनच्या डबीत डिस्टिल्ड पाणी घाला असं पुस्तिकेत होतं, आणि तात्यांकडे ते कॅनभर होतं: बॅटरीत घालायचं. मला ते कळलं तेव्हा नको म्हटलं, कारण तो कॅन माणसाने श्वासात घ्यायच्या शुद्धतेचा नसतो. विहिरीचं पाणीही नको, डबीच्या तळाला क्षार बसतात. औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड, ते नसेल त्या रात्री उकळून गार केलेलं, आणि रोज सकाळी डबी रिकामी करून पालथी. पावसाळ्यात ओली डबी म्हणजे बुरशीची वाडी.

लाईट जाणं हा इथे अपघात नाही, ऋतू आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आमच्याकडे बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आला, तात्यांकडेही होता. पण ह्युमिडिफायरचा हीटर सगळ्यात जास्त करंट खातो, मोटर त्यामानाने फार थोडा. पावसात तसाही हीटरचा उपयोग कमी, म्हणून लाईट गेली की हीटर शून्यावर, आणि रात्र निघते. काकींना धास्ती होती की झोपेत लाईट गेली तर मास्कमध्ये जीव गुदमरेल. मास्कला बाहेर हवा सोडणारी भोकं असतात, शिवाय नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. दिवसा तात्यांना मास्क लावून मी स्वतः प्लग काढून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा काकींनीच काढला.

ऑगस्टपर्यंत रोज पाच तास. मग चतुर्थी आली.

मुंबईहून तीस माणसं घरात, माजघरात ओळीने अंथरुणं, रात्री भजन. तात्यांनी मशीन खाटेखाली ढकललं. लाज. पाच रात्री बिनमशीनच्या. सहाव्या दिवशी आरती चालू असताना उभ्याउभ्या पेंगले, निरांजनाचं ताट कलंडलं. त्या रात्री त्यांनी सगळ्यांदेखत मशीन बाहेर काढलं. पाच वर्षांच्या नातवाने सोंड बघून ओरडून सांगितलं, "आजो गणपती झालो!" अख्खं माजघर हसलं, तात्याही. त्यानंतर मशीन खाटेखाली गेलेलं नाही. मी जूनपासून जे समजावत होतो ते पाच रात्री आणि एका पोराने केलं.

सप्टेंबरअखेरचे आकडे: सरासरी पाच तास चाळीस मिनिटं, तासाला श्वास थांबणं ३.१, गळती ९ लिटर, दाब बहुतेक वेळ ११ च्या खाली. एपवर्थ ७. रात्री लघवीला एकदा. बीपी १३८/८६, त्याच दोन गोळ्यांवर. याचं सगळं श्रेय मशीनला द्यायला मी तयार नाही. सीपॅपने बीपी सरासरी दोनतीन अंकांनीच उतरतं, आणि तात्या आता गोळ्या रोज घेतात, क्वार्टरही शनिवारपुरती उरली आहे. वजन ९५. एक किलो वाढलं. मशीनने वजन उतरत नाही, काहींचं थोडं वाढतंच, हे आधी सांगितलं नव्हतं. ते अजून बाकी आहे.

गालावर सकाळी पट्ट्यांचे वळ उमटतात, तासाभरात जातात. त्यावर काकींनी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या शिवून घातल्या आहेत. दुकानात मिळतात त्यापेक्षा बऱ्या.

ऑक्टोबरपासून रात्रीची गाडी पुन्हा सुरू केली, तज्ज्ञांनी आकडे पाहून होकार दिल्यावर. अट एकच, निघण्याआधीची आणि वाशीतली झोप मशीन लावूनच. टेम्पोच्या बॅटरीवर चालवायचा कन्व्हर्टर त्यांनी स्वतः शोधला, मला त्यातलं काही कळत नाही. मशीन आंब्याच्या रिकाम्या पेटीत, खाली पेंढा घालून ठेवतात. पहिल्या फेरीला डबीतलं पाणी ओतायला विसरले आणि घाटात ते सगळं मशीनमध्ये गेलं. दोन दिवस उन्हात वाळवून चालू झालं. आता पेटीच्या झाकणावर 'देवगड हापूस' याच्या खाली खडूने लिहिलंय: पाणी ओत.